अक्काशिवायचं लातूर

नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्याच्या आयसीयूत मी आणि अक्कानं बरीच वर्षं एकाच पाळीत काम केलं. अक्का काही माझी सख्खी बहीण नव्हे. ती भोकरच्या शेतकरी घरातली सून, आणि मी किल्लारीची, भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात वाढलेली. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका पेशंटला सलाईन लावताना मला शीर सापडेना. नातेवाईक काचेतून बघत होते, मी सुई काढून पुन्हा पुन्हा टोचत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "बये, आधी तू श्वास घे. शीर कुठं पळून जात न्हाई."

तेव्हापासून तिनं मला कधी नावानं हाक मारली नाही. मी बये, ती अक्का.

आमचा डबा एकच झाला होता. एकदा ती मला भोकरला आपल्या सासरी घेऊन गेली. परत आल्यावर किल्लारीहून वडिलांचा फोन आला. प्रवास कसा झाला, घर कसं आहे, काही विचारलं नाही. "जेवायला कुठं बसवलं तुला?" एवढंच.

"चुलीपुढं, तिच्या सासूच्या शेजारी," मी म्हटलं.

वडील म्हणाले, "हाव, मग ती माणसं धरून ठेव." भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या आमच्या घरात हा प्रश्न का विचारला जातो, हे अक्काला सांगावं असं मला वाटलं होतं. पण नाही सांगितलं. तिच्या मनात ते आलंही नसतं, आणि मला ते तसंच राहू द्यायचं होतं.

पुढं शिकायचं आमच्या डोक्यात आलं ते एका दुपारी. एका पेशंटचा श्वास बिघडत चालला होता. आम्हा दोघींनाही श्वासाच्या मशीनवर काय बदलायला हवं ते दिसत होतं. डॉक्टर शस्त्रक्रियेत अडकले होते, निरोप गेला होता, आणि ते येईपर्यंत आम्ही दोघी त्या माणसाच्या उशाशी उभ्या होतो. डॉक्टर आले, त्यांनी तेच बदललं, पेशंट सावरला. कुणाचं काही चुकलं नव्हतं. पण घरी निघताना अक्का म्हणाली, "कळतंय आन् करता येत न्हाई, ह्याच्यावानी जड काम दुसरं न्हाई बघ."

नर्सांसाठी नवा पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला आहे, हे आम्हाला आमच्या मेट्रननं सांगितलं. नर्स प्रॅक्टिशनर. पेशंट स्वतः तपासायचा, रिपोर्ट वाचायचे, ठरवून दिलेल्या चौकटीत औषधं आणि मशीन स्वतःच्या जबाबदारीवर बदलायची, आणि वॉर्डातल्या बाकीच्या नर्सांना घेऊन पुढं जायचं. दोन वर्षं, लातूरला, तिथंच राहून. प्रवेशपरीक्षा होती.

सकाळची पाळी संपली की आम्ही रिक्षानं गुरुद्वाऱ्यात जायचो. लंगरमध्ये जेवायचो आणि मग सावली बघून संगमरवरावर पुस्तक उघडून बसायचो. पुस्तक इंग्रजी, जाडजूड. अक्काची लक्षात ठेवायची रीत वेगळी होती. ती प्रत्येक आजाराला आमचा एकेक जुना पेशंट जोडायची. "पोटॅशियम वाढलं की कोण? कंधारचा तो आजोबा, डायलिसिसवाला. फुप्फुसात पाणी? ती देगलूरची मास्तरीण, निजायचं नावच घेईना, बसूनच राहायची." असं करता करता ते पुस्तक आमच्या ओळखीच्या माणसांनी भरून गेलं. तिथं येणारी-जाणारी माणसं पाय धुऊन, डोकं झाकून आत जात, आणि आमच्या डोक्यावरही पदर, मांडीवर पुस्तक. एका म्हाताऱ्या सरदारजींनी एकदा विचारलं, "बेटा, कौनसा पाठ पढ रहे हो?" अक्का म्हणाली, "बाबाजी, साँस का."

आम्ही दोघीही पास झालो. माझ्या नवऱ्यानं पेढे आणले, मुलाला शाळेत नेण्या-आणण्याचं वेळापत्रक स्वतःच ठरवून टाकलं. लातूरला कुठली खोली घ्यायची, तिथं डबा चांगला मिळतो का, यावर आमच्या दोघींच्या बैठका सुरू झाल्या.

आणि मग भोकरला अक्काच्या सासऱ्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, घास गिळता येईना. नाकातून नळी. अक्का रजा टाकून गेली. आठवडाभरानं परत आली ती सामान न्यायला. तिच्या दिरानं, जावेनं, सगळ्यांनी एकच म्हटलं होतं: घरात नर्स असताना बाहेरची बाई कशाला?

"तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काय म्हणणार? खरंच हाय ते. नळीतून कसं घालायचं, कूस कधी बदलायची, हे मला येतंय. जावेला येत न्हाई. पाठीला जखम झाली तर मलाच बघवणार न्हाई." तिनं कपाटातला अॅप्रन घडी करून पिशवीत टाकला. "तू जा, बये. मी पुढच्या साली."

जे येतं त्यासाठी तिला बोलावलं होतं आणि जे येतं त्यामुळंच ती अडली होती. मी तिला थांबवू शकले नाही.

लातूरची बस मी एकटीनं धरली. अहमदपूर मागं पडेपर्यंत शेजारची सीट कुणी विचारली की मला उगाच नाही म्हणावंसं वाटायचं.

वसतिगृहात माझ्या खोलीतल्या मुली माझ्याहून दहाबारा वर्षांनी लहान. त्या लॅपटॉपवर भराभर स्लाइड करायच्या, इंग्रजीत प्रश्न विचारायच्या. मी पहिल्यांदा केस मांडायला उभी राहिले तेव्हा इंग्रजी तोंडातल्या तोंडात अडकलं. आमच्या शिक्षिका म्हणाल्या, "आधी मराठीत सांगा. पेशंट मराठीतच आजारी पडलाय ना?" वर्ग हसला, मीही हसले, आणि मग मला बोलता आलं. त्या बाई कडक होत्या, पण त्यांनी एक गोष्ट पक्की केली. डॉक्टरांशी बोलताना "सर, जरा बघता का" असं म्हणायचं नाही. काय दिसतंय, मला काय वाटतं, काय करावं असं वाटतं, हे सरळ सांगायचं. पंधरा वर्षं मान खाली घालून निरोप देण्याची सवय होती. ती मोडायला लागले तेव्हा सुरुवातीला माझाच आवाज मला उद्धट वाटायचा.

किल्लारी तिथून जवळ. सुट्टीच्या दिवशी मी आईकडे जायचे. नांदेडला असताना मला सारखी आई आठवायची, आणि आता आईच्या ओसरीत बसून मला नांदेड आठवायचं. मुलगा, नवरा यांच्याशी रोज बोलणं व्हायचं, व्हिडिओवर तोंड दिसायचं. त्यांची आठवण यायची पण ती आटोक्यात असायची. अक्काची आठवण मात्र वर्गात, ऐन तासाला यायची. बाई फळ्यावर पोटॅशियमचा आलेख काढायच्या आणि मला कंधारचे आजोबा दिसायचे, आणि हे कुणाला सांगावं तर शेजारी कुणी नाही.

म्हणून मी संध्याकाळी गच्चीवर जाऊन तिला फोन करायचे. ती तिकडे सासऱ्यांना नळीतून पेज घालत असायची. फोन बाजूला ठेवून म्हणायची, "हं, सांग आज काय शिकवलं." मी सांगायचे. मध्येच तिचा प्रश्न यायचा, नेमका. मध्येच म्हणायची, "थांब, मामाचं तोंड पुसते." दुसऱ्या साली ती म्हणाली होती तशी आली नाही. सासरे तसेच होते. मीही सारखं विचारलं नाही, कारण विचारलं की ती विषय बदलायची. हळूहळू फोन कमी झाले. माझं रुग्णांचं काम वाढलं, तिच्याकडे शेतीचा हंगाम आला. गच्चीवर मी मग नुसतीच उभी राहायचे. खाली मेसमधून भाकऱ्या थापल्याचा आवाज यायचा.

शेवटच्या परीक्षेच्या थोडं आधी तिचे सासरे गेले. मी भोकरला गेले. अंगणात बायका बसल्या होत्या. अक्का वाळली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "एक पण जखम होऊ दिली न्हाई बघ पाठीला." मी म्हटलं, "अक्का, आता तू ये. मी शिकवते तुला, सगळं तयार आहे माझ्याकडे." "आता मन न्हाई बसत, बये. तुझं ऐकून ऐकून निम्मं झालंच की माझं." तिनं हे हसत म्हटलं. मी परतीच्या बसमध्ये रडले, आणि शेजारच्या बाईनं मला कुणी गेलं का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

मी परत नांदेडच्या त्याच आयसीयूत रुजू झाले, पण आता माझं पद वेगळं. अक्काही पुन्हा नोकरीवर आली होती. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. "या मॅडम."

मला वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. औषधांच्या खोलीत गाठून मी तिला म्हटलं, "हे काय गं लावलंस?"

तिनं दार लोटलं. "नव्या पोरी बघून राहिल्या ना. मी तुला अगंतुगं केलं तर त्या पण करतील. मग डॉक्टर लोक तुझं ऐकतील का? हे पद काय तुझ्या एकटीचं हाय का? आपल्या सगळ्यांचं हाय ते."

"पण आपण दोघीच असताना?"

"तोंडाला सवय लागली तर लागू दे. न्हाईतर चुकून निघंल."

तिचं बरोबर होतं. सुरुवातीला एक डॉक्टर माझ्या सूचनांकडं दुर्लक्ष करायचे. राउंडला ते काही विचारू लागले की अक्का शांतपणे म्हणायची, "सर, ह्या पेशंटचं मॅडमनं बघितलंय, त्या सांगतील." असं रोज. न चिडता. काही महिन्यांत ते स्वतःच विचारायला लागले, "मॅडम कुठे आहेत?" नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे काय हे त्या विभागाला माझ्या पदवीनं जेवढं कळलं, त्याहून जास्त अक्काच्या त्या उभं राहण्यानं कळलं. पण ती उठून उभी राहिली की दर वेळी मी हातातल्या फायलीत बघत आत शिरायचे. डबे वेगळे झाले. तिच्या जेवणाच्या वेळेला मी बैठकीत असायचे. पेशंटला आंघोळ घालणं, केस विंचरणं, हे काम माझ्या हातातून गेलं. काचेच्या केबिनमधून मला ती दिसायची, कुणाची तरी उशी सरळ करताना.

मग तिच्या घरच्यांच्या सोयीनं तिला भोकरच्या दवाखान्यात जागा मिळाली आणि ती गेली. निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर तिनं मला वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला. मी तिचे खांदे धरले.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, दुपारच्या वेळी, भोकरहून फोन आला. कापसावर फवारणी करताना एका बाईला विषबाधा झाली होती. तिथल्या डॉक्टरांनी श्वासनलिकेत नळी टाकून दिली होती, रुग्णवाहिका निघाली होती. मी बेड तयार केला. गाडी आली, दार उघडलं, तर आत अक्का. गुडघ्यावर बसलेली, हातात फुगा, त्या बाईच्या छातीत हवा भरत. सबंध रस्ता तिनं तो दाबला होता.

बाईच्या तोंडातून फेस येत होता, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आम्ही तिला बेडवर घेतलं. मी एका बाजूला, अक्का दुसऱ्या. मी मशीन लावलं, तिनं नळीतला स्राव ओढून काढला, मी विषावरच्या अॅट्रोपिनचा डोस वाढवला, ती बाहुल्या बघून मला मानेनं सांगत होती. मला काय हवंय ते तिच्या हातात आधीच असायचं. त्या सगळ्या वेळात तिनं मला ना मॅडम म्हटलं ना दुसरं काही, आणि मलाही तिला हाक मारावी लागली नाही. डॉक्टर आले, सगळं ऐकून घेतलं, म्हणाले, "चालू ठेवा असंच." छाती आतून कोरडी व्हायला लागली, विषानं मंदावलेले ठोके वाढले, तेव्हा आम्ही दोघींनी एकदमच पाठ सरळ केली.

मला तिला बसवायचं होतं, चहा द्यायचा होता. पण रुग्णवाहिकेच्या चालकाला परत जायचं होतं, भोकरला दुसरा पेशंट थांबला होता. अक्कानं हात धुतले, पदराला पुसले. "बाईचं बघा," एवढं म्हणाली आणि निघाली. मी दारापर्यंतसुद्धा जाऊ शकले नाही, मशीनचा अलार्म वाजला होता.

ती बाई बरेच दिवस आमच्याकडे राहिली. या विषात श्वास सुधारला तरी मानेची ताकद उशिरा येते, म्हणून नळी काढायची घाई करायची नाही. रोज मी तिला उशीवरून डोकं उचलायला सांगायचे आणि ती डोळ्यांनीच नाही म्हणायची. मग एका सकाळी तिनं डोकं उचललं आणि तसंच धरून ठेवलं, दात आवळून.

मी बाहेर जाऊन अक्काला फोन लावला. तिच्याकडं मागं लहान बाळ रडत होतं, कुणीतरी तिला बोलावत होतं. मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं माय. तिला लेकरं हायेत बारकी." तिकडचं बाळ रडायचं थांबलं. "ठेवू का मग?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "अजून जरा थांब."