पायाळूचा पाय

मी पायाळू जन्मलो. डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले. माय दोन दिवस तडफडली, असं आत्या सांगायची. मायनं त्याचा राग कधी धरला नाही. उलट मी सहा-सात वर्षांचा झालो तेव्हापासून दर रविवारी सकाळी आंघोळ घालून ती मला ओट्यावर उभं करायची. खाली अंगणात पोतं अंथरलेलं असायचं. कोणाची कंबर धरली, कोणाच्या पाठीत उसण भरली, की तो माणूस त्या पोत्यावर पालथा पडायचा अन् मी दुखऱ्या जागेवर उजव्या पायानं तीनदा लाथ द्यायचो. लाथ म्हणजे बैलाची लाथ नव्हे. टाच टेकवायची, दाबायची अन् हलका झटका द्यायचा. पायाळूच्या पायानं उसण उतरते, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही.

शाळा माझी चौथीत सुटली. ज्या गुरुजींनी "याच्या डोक्यात काही शिरत नाही" म्हणून मला वर्गाबाहेर उभं केलं होतं, ते पुढं दोनदा त्या पोत्यावर पालथे पडले. मोठ्या बगिच्यांचे मालक पडले, तहसीलचे बाबू पडले. मी कोणाकडून सुपारीसुद्धा घेतली नाही. पण टाचेखाली कोणाची गाठ कुठं आहे ते मला बरोबर कळायचं, अन् माणूस उठून "उतरली" म्हणायचा तेव्हा माझी मान वर व्हायची. ती मान पुढं कधी खाली आलीच नाही. माझ्या अडेलपणाचं मूळ तिथं आहे, असं माझी बायको, म्हातारी, म्हणते. असेल.

पोटासाठी मी संत्र्याच्या कलमा करायचो. सौंसरजवळ आमची छोटी रोपवाटिका आहे. जंभेरीचं, म्हणजे खुंटाच्या रानलिंबाचं, रोप बोटाएवढं जाड झालं, की जमिनीपासून वीतभर वर साल चिरायची, त्यात संत्र्याच्या फांदीवरचा डोळा बसवायचा अन् वरून पट्टी गुंडाळायची. हे सगळं उकिडवं बसून. मी पुढं चिरत जायचो, म्हातारी मागून पट्टी बांधत यायची. हिवाळाभर हेच. चाळीस वर्षं मी असा बसलो. खुर्चीवर बसल्याचं मला फारसं आठवत नाही.

दोन वर्षांमागे त्याच कामात उठायला गेलो अन् उजव्या कुल्ल्यातून कळ निघाली. मांडीच्या मागून, पोटरीतून, थेट करंगळीपर्यंत. कोणी तापलेली तार ओढावी तशी. मी रोपांमध्येच हात टेकून राहिलो. म्हातारी मागून म्हणाली, "काय झालं, अवो? साप हाये का?"

"काई नाई. पट्टी बांध तू."

महिनाभर मी हेच म्हणत राहिलो. मग मुलानं जबरदस्तीनं सौंसरच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी सांगितलं, सायटिका आहे, मणक्यातली गादी सरकून शीर दबली. गोळ्या लिहून दिल्या, कमरेचा पट्टा दिला. उकिडवं बसणं बंद, वजन उचलणं बंद, व्यायाम करा. "बहुतेकांचं एवढ्यानंच उतरतं, बाबा. पण पाय बधिर झाला, पंजा उचलेनासा झाला, तर त्याच दिवशी या." हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा मान हलवली.

गोळ्या खाल्ल्या. पट्टा खुंटीला टांगला. व्यायाम म्हणजे उताणं पडून पाय वर करायचे, ते मला बायकी वाटलं. अन् कलमांचा हंगाम होता, उकिडवं बसल्याशिवाय काम होणार कसं?

मग लोकांचे उपाय सुरू झाले. ज्याला त्याला माझ्या कमरेचं औषध माहीत. कोणी म्हणे लोधीखेड्याला तेल लावून शीर मोकळी करणारा आहे. त्याच्याकडं चार वेळा गेलो. त्यानं अशी रगडली, की घरी येताना बसमध्ये उभाच राहिलो, बसवेना. कोणी म्हणे नागपूरला जाऊन कमरेत सुई घ्या. कोणी म्हणे ऑपरेशन करून टाका. दुसरा लगेच म्हणे, खबरदार, आमचा साडू चालत गेला अन् खाटेवर आला. मी सगळ्यांचं ऐकायचो अन् मनात एकच विचार चालायचा. हजार पाठी मी सरळ केल्या. माझ्या पाठीसाठी पायाळू कोण?

स्वतःचा पाय स्वतःच्या कमरेला लागत नाही. मुलगा हसून म्हणाला होता, "बाबा, आरसा लावून मारता का लाथ?" त्या दिवशी मी त्याच्याशी बोललो नाही.

तिगावकडं एक पायाळू म्हातारी आहे, हे मला खूप वर्षांपासून ठाऊक होतं. आमच्याकडं उसण उतरली नाही तर लोक तिच्याकडं जायचे, म्हणून तिचं नाव घरात कोणी घेतलेलं मला खपायचं नाही. एका रविवारी कलमांची पट्टी आणतो म्हणून पांढुर्ण्याला गेलो अन् तिथून तिगाव गाठलं. बसथांब्यापासून तिच्या घरापर्यंत मी तीन ठिकाणी बसलो.

ती सूप पाखडत होती. वाकलेली, माझ्यापेक्षा म्हातारी. मी कोण ते तिनं ओळखलं.

"तू तं सौंसरचा पायाळू ना रे?"

"हाव."

"अन् मायाकडं आला?" ती बोळक्या तोंडानं हसली. "पायाळूले पायाळूचा गुण येते का नाई, मले नाई मालूम, बाप्पा. पड पालथा. आलाच हायेस तं."

मी जमिनीवर पालथा पडलो. आयुष्यात पहिल्यांदा. तोंडाजवळ कोंबडीची पिसं होती. तिचा पाय हलका होता, वाळल्या लाकडासारखा. तीनदा लागला. उठताना मला एवढी कळ आली, की डोळ्यांत पाणी आलं, पण मी म्हटलं, "उतरली."

"खोटं नको बोलू," ती म्हणाली. "आपणच आपल्याले खोटं बोलाचं म्हणजे कसं?"

पण झालं असं, की पंधरा दिवसांत दुखणं खरंच गेलं. एकदम नाही. आधी पोटरीतलं गेलं, मग मांडीतलं. रात्री झोप लागू लागली. मी गोळ्या फेकल्या. लोकांना सांगत सुटलो, की डॉक्टरांना दोन महिन्यांत जमलं नाही ते पायाळूच्या पायानं केलं. कोणत्या पायाळूच्या, ते सांगितलं नाही. ऐकणारे समजले की माझंच काहीतरी असेल. समजू दिलं.

पुन्हा उकिडवा बसलो. पुन्हा कलमा केल्या.

एका संध्याकाळी वाफ्यातून घरी आलो तर म्हातारी माझ्या पायाकडं बघत राहिली. "एक चप्पल कुठं हाये?" मी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती, उजवा पाय रिकामा. चिखलात कुठंतरी राहिली असेल. मला कळलंच नव्हतं. "तुटली व्हती, म्हणून फेकली," मी म्हटलं. सकाळी तिनं ती धुऊन दारात ठेवली. चांगली धड होती.

आठवड्यानं अंगणात नवा सडा टाकला तेव्हा तिनं मला बोलावून दाखवलं. माझ्या पावलांच्या मागं, उजवीकडं, प्रत्येक पावलाला एक रेघ होती. पंजा घासत गेल्याची.

"हे काय हाये?"

"माही चाल हाये. म्हातारा झालो."

"दोन महिन्यांत म्हातारे झाले?"

मी तिला झापलं. तिनं सडा पुन्हा टाकला.

मग जंभेरीचा काटा. जंभेरीचे काटे सुईएवढे असतात. रात्रीचं जेवण झाल्यावर ती माझे पाय पुसत होती, तर उजव्या तळव्यात काटा अर्धा आत मोडलेला. तिनं सुई घेतली, काटा उकरला, रक्त आलं. मी तंबाखू मळत होतो. तिनं वर पाहिलं.

"दुखून नाई राहिलं?"

"नाई."

"बिलकुल नाई?"

"सवय हाये मले काट्याची."

तिनं सुई खाली ठेवली नाही. म्हणाली, "डोळे मिटा. मी बोटाले टोचतो, तुमी सांगा कोणतं बोट."

मला राग आला, पण मिटले. मी सांगत गेलो. अंगठा. करंगळी. मधलं. पुन्हा अंगठा. ठासून सांगितलं, जसं काही दिसतंय. डोळे उघडले तर तिच्या तोंडाचा रंग उतरला होता.

"बरोबर सांगितले ना?"

"पयल्यांदा टोचलं ते चुकलं," ती म्हणाली. "मंग मी टोचलंच नाई. तीनई वेळा सुई हातातच व्हती."

ती उठली अन् मुलाला उठवायला गेली.

नागपूरची डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. तिनं मला टाचांवर चालायला सांगितलं. डावा पंजा उचलला, उजवा उचललाच नाही. मी जोर लावला, दात खाल्ले. पाय माझ्याकडं पाहत पडून राहिला. फोटो काढला, मणक्याचा. तो तिनं उजेडाला लावला.

"दुखणं कधी थांबलं, आजोबा?"

मी तिगावचं सांगितलं. मुलगा बाजूला बसलेला, त्यानं पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं पोरगी हसेल. ती हसली नाही. हसली असती तर मला रागावता आलं असतं.

"दुखणं थांबलं, कारण शीर दबून दबून कमजोर झाली," ती म्हणाली. "तुम्हाला दुखत होतं ना, तेव्हा एवढी घाई नव्हती. तेव्हा आराम, व्यायाम, औषधं, त्यानं बहुधा भागलं असतं. आता ऑपरेशन केलं तर उरलेली ताकद टिकायची आशा आहे. गेलेली परत येईल का, ते मी खात्रीनं नाही सांगू शकत. थोडी येईल कदाचित."

"अन् नाई केलं तं?"

"तर पंजा असाच राहील. कदाचित आणखी जाईल."

बाहेरच्या बाकावर मुलगा म्हणाला, "बाबा, तुमी सांगान तसं करू." आयुष्यभर मला हेच ऐकायचं होतं, अन् त्या दिवशी वाटलं, कोणीतरी हात धरून आत ढकलावं. खाटेवर आलेला तो साडू आठवत होता. पण डोळ्यासमोर दुसरंच येत होतं. मी डोळे मिटून "अंगठा" म्हणतोय अन् सुई तिच्या हातात आहे. आपल्या पायाबद्दल मी जे सांगतो ते खरं नसतं, हे एकदा कळल्यावर मी कशाच्या भरवशावर नाही म्हणणार होतो?

"कर म्हणा त्या पोरीले," मी म्हटलं.

ऑपरेशन झालं. खाटेवर नाही आलो, चालत आलो, काठीनं. टाचेला थोडी जाणीव आली. पंजा तेवढा उचलत नाही. बुटात प्लास्टिकची पट्टी घालावी लागते, नाहीतर उंबरठ्याला ठेच लागते. उकिडवं बसणं गेलं ते गेलंच. कलमा आता मुलगा करतो. त्याची चीर खोल जाते, डोळे मरतात. मी स्टुलावर बसून बोलतो अन् तो ऐकल्यासारखं करतो.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात एका रविवारी एक माणूस आला. बैलबंडी ओढताना कंबर धरली होती. सवयीनं पोत्यावर पालथा पडला. मी खांबाला धरून उभा राहिलो. उजवा पाय त्याच्या पाठीवर ठेवला. त्याच्या पाठीत गाठ कुठं आहे ते मला कळेना. पाय पाठीवर आहे की पोत्यावर, हे मला पाहूनच समजत होतं.

मी पाय काढून घेतला.

"उठ. अन् टाचेवर चालून दाखव."

"कायले?"

"दाखव म्हणतो ना."

तो चालला. दोन्ही पंजे बरोबर उचलत होते. "आता डॉक्टरकडं जा," मी म्हटलं. "मी लाथ नाई देत."

"एवढ्या दूरून आलो अन् लाथ नाई?" तो चिडला. "मंग तिगावले जातो. ते बुढी तरी देते."

"जाशीन तं जा. पण पाय बधिर झाला तं कोणाच्या पायाखाली नको पडू."

तो गेला. तिगावलाच गेला असेल. त्यानं लोकांना सांगितलं, अन् त्यानंतर रविवारी कोणी आलं नाही.

पोतं म्हातारी अजूनही अंथरते. त्यावर आता मी पडतो, उताणा. नागपूरच्या पोरीनं सांगितलेले व्यायाम करतो, जे मला बायकी वाटायचे. शेवटचा व्यायाम अंगठ्याचा. अंगठा आपल्याकडं ओढायचा, दहा वेळा. म्हातारी पायाशी बसते अन् मोजते. मी आभाळाकडं पाहत जोर लावतो.

"हलला का?"

"हाव, हलला," ती म्हणते. "आता जराक हलला."

काल मी मान उचलून पाहिलं. अंगठा तसाच होता. ती माझ्याकडं न पाहता पुढचा आकडा म्हणाली. मी मान खाली ठेवली अन् पुन्हा जोर लावला.