सासर-माहेर एका फोल्डरात

नातवंडांनो, तुम्ही माझ्या माहेरचे फोटो मागितलेत, म्हणून आर्णीच्या आमच्या स्टुडिओवाल्याबद्दल लिहिते. तो कीबोर्डला नमस्कार करतो आणि उत्तर देण्याआधी चष्मा पुसतो. वाळवी लागलेले आमचे फोटो त्याने स्कॅन केले, मूळ प्रती मी जाळल्या. मग फोटोंना ओळीने नंबर द्यायचे होते.

"टेन्शन कायले घेता, काकू? एका स्क्रिप्टमंधी करून देतो, कॉम्प्युटर सोताच नंबर टाकते."

त्याने सासर आणि माहेर दोन्हींच्या फोटोंना वेगवेगळे एकपासून नंबर देऊन एकाच फोल्डरात टाकले. नंतर आलेल्या सासरने त्याच नंबरांचे माहेर पुसून टाकले.

"माझं माहेर कुठे गेलं?"

चष्मा पुसून झाला. "दोन्ही घरं एक केली, काकू. तुमी काहून भेदभाव करता?"

सासूबाईंना जन्मभर जमले नाही, ते या विद्वानाने एका क्षणात केले.

माझ्या आईचा फोटो फ्रेममधून निघत नव्हता, म्हणून स्कॅन झाला नाही. तो भिंतीवर आहे.