नुसता आवाज बास

जत सोडलं त्या सकाळी आमचे हे स्टँडवर आले नाहीत. मेंढरं कुणावर टाकणार? वाटेवरूनच काठी वर करून म्हणाले, "पोचलीस की फोन कर. नुसता आवाज बास."

तर माझ्यासारख्या नातवंडांमागं आलेल्या बायांनो, आणि तिकडं राहिलेल्यांनो, तुम्हालाच सांगते. खंडाळ्यात लेकाचा फ्लॅट चांगला आहे, नळाला पाणी आहे. तिकडं टँकरची वाट बघायचे, इथं माणसाची बघते. लेक कंपनीतून मेसेज करतो, 'जेवलीस का?' मी एकेक अक्षर शोधून 'हो' लिहिते. झालं बोलणं.

सून रविवारी व्हिडिओ लावून देते. तर हे धुतलेला सदरा, फेटा घालून फोटोला बसल्यासारखे ताठ! "आवं, हला की जरा," म्हटलं तर म्हणतात, "हललो तर तुला दिसायचा न्हाई." असल्या माणसाची तब्येत काय कळणार?

म्हणून रोज दिवस मावळताना मी साधा फोन करते. आवाजाला फेटा बांधता येत नाही. खोकला ऐकू येतो, आणि मागं मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या. हे बोलतात थोडं, घंट्याच जास्त. त्या ऐकल्या की मी माझ्या दारात असते.

मागच्या महिन्यात एकदा घंट्या वाजेचनात. "मेंढरं कुठायत?" "लांब चरत्यात." दिवस मावळल्यावर? दुसऱ्या दिवशी वाजली, पण एकच. मेंढरू चार पावलं टाकतं, थांबतं, मान झटकतं. ही आपली वाजतीय ती वाजतीयच.

लेकाला विचारलं. तो खाली बघून म्हणाला, "विकली, आई. गुडघं चालंनात त्यांचं. तू मनाला लावून घेशील म्हणून सांगू नको म्हणाले. इकडं या म्हटलं, तर म्हणतात, तुझ्या आईला परत यायला दार उघडं पायजे."

सून म्हणाली, "व्हिडिओ लावू का आत्या? समोरासमोर बोला." मी नको म्हटलं. त्यांच्या हातातली घंटी दिसली असती.

आता रोज साधाच फोन. घंटी वाजते. मी म्हणते, "लय दंगा करत्यात आज मेंढरं." ते म्हणतात, "व्हय, तुझा आवाज ऐकला त्यांनी." मग मी ती घंटी ऐकत राहते. घर म्हणाल तर आता तेवढंच. हात दुखेल त्यांचा, म्हणून फोन मीच आधी ठेवते.