चाचांना निळं चालत नाही

शारजातल्या हमरियात आमच्या कंपनीचा युनिफॉर्म निळा, पण स्टोअरचे चाचा खाकीच घालतात. एचआर थकलं. चाचा मूळचे रत्नागिरीचे, इथे येण्याआधी युगांडात होते. "निळं दिसलं की त्सेत्से माशी चावायला येते," ते म्हणतात. "जंगलातल्या जनावरांचा आजार माणसात आणते. मग माणूस दिवसाढवळ्या झोपायला लागतो, आणि एक दिवस उठतच नाही." शारजात कुठली आलीय ती माशी, म्हणून आम्ही हसतो. जेवणानंतर कुणी पेंगलं की चाचा "यल्ला, उठ" म्हणत चहा पुढे करतात.

कंपनीने मला युगांडाला पाठवायचं ठरवलं, तेव्हा चाचा घरी आले. माझ्या बॅगेतले निळे शर्ट काढून त्यांनी खाकी भरले.

"निळे माझ्याकडे राहू देत," ते म्हणाले. "न्यायला मात्र तूच यायचं."