खांबाखालचा ट्रक

हिल्काचा नवरा उर्पो रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा. पुओलांका गावाच्या चढावर खांबाला सरकारी कॅमेरा आहे. दर दहा मिनिटांनी रस्त्याचा फोटो आणि खाली रस्त्याचं तापमान. त्यावरून बर्फ वितळवायला मीठ टाकायचं की चाकं घसरू नयेत म्हणून खडी, ते नियंत्रण कक्षात ठरतं. फोटो इंटरनेटवर घरबसल्या कुणालाही दिसतो. रोज सकाळी नऊला उर्पो त्या खांबाखाली थांबायचा, एका फोटोपुरता. तो दिसला की हिल्का कॉफी ठेवायची. चाळीस वर्षांच्या संसारात या बाबानं तोंडानं प्रेमाचं अक्षर काढलं नाही. जे काय होतं ते त्या फोटोत.

गेल्या फेब्रुवारीत तिच्या वाढदिवशी ट्रक दुसऱ्या फोटोतही तिथंच.

"आज वाढदिवस म्हणून लाडात आलंय बघ ध्यान!" ती शेजारणीला फोनवर हसत म्हणाली.

तिसऱ्या फोटोतही ट्रक होता. चौथ्यात रुग्णवाहिका आली, तेव्हा कुठं तिचं हसू थांबलं. उर्पोचं हृदय बंद पडलं होतं. अर्धा तास आधी कळतं तर वाचले असते, असं डॉक्टर बोलून गेला. जीभ आवरली असती तर काय बिघडत होतं त्याचं!

यंदा ट्रकवर आर्टू नावाचा नवा माणूस आला. तोही नेमका तिथंच कॉफी प्यायला थांबायचा. लागोपाठ दोन फोटोंत ट्रक दिसला की हिल्का नियंत्रण कक्षातल्या मेरवीला फोन लावायची.

"अगं, तो हलत नाहीये! बघ ना!"

"अहो हिल्का, कॉफी पितोय तो. कालही तेच करत होता."

"तू आधी विचार त्याला!"

आर्टू वायरलेसवर वैतागला. "कोण ही बया? आता घोटसुद्धा विचारून घ्यायचा का?"

मेरवीनं त्याला सगळं सांगितलं. 

दुसऱ्या दिवशी नऊच्या फोटोत ट्रक थांबलेला दिसला. हिल्काचा हात फोनकडे गेला. मग तिनं नीट पाहिलं. आर्टू कॉफीचा मग घेऊन खाली उतरला होता, ट्रकच्या डावीकडे उभा होता. तापमान उणे सव्वीस! पुढची दहा मिनिटं तिनं जीव मुठीत धरून काढली. नव्या फोटोत तो ट्रकच्या उजवीकडे होता, कॅमेऱ्याकडे बघून हात वर केलेला.

"हललास रे बाबा," ती म्हणाली, आणि टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. उर्पोचा ट्रक तिनं तीनदा पाहिला होता, आणि तिन्ही वेळा ती हसली होती.