परसवाड्याच्या घाटात वसंताची गाडी

गोंदियाहून बालाघाटला जाणाऱ्या छोट्या रेल्वेतून हात बाहेर काढला तर धानाची लोंबी तोडता येते, असं आमच्या तुमसरला सगळे सांगतात. मी करून पाहिलं. येत नाही. हाताला काड्या लागून खरचटतं फक्त. हे आधी सांगून टाकते, कारण प्रवासाबद्दल लोक फार खोटं लिहितात. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, तेवढ्या शाळेत खोटं लिहायला शिकवत नाहीत.

मी निघाले होते धाकट्या भावाला, वसंताला, अक्कल शिकवायला. वसंता बालाघाटला जंगल खात्यात कारकून होता. रिटायर झाल्यावर माणसं देवाला जातात. ह्याने खाणीवरच्या एका परदेशी साहेबाची जपानी मोटार घेतली. साहेब आपल्या देशाला गेला, मोटार इथे झाडाखाली पडून होती. वसंताच्या बायकोने, कुसुमने, मला पत्र टाकलं, ‘बाई, तुम्ही येऊन जा. हे दिवसभर गाडीखालीच राहतात.’ (आमच्याकडे मोठ्या नणंदेला बाई म्हणतात. वसंताही मला बाईच म्हणतो.)

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला म्हटलं, “फॉरेस्टवाल्या वसंतरावांकडे ने.”

“अच्छा, वो चार चक्केवाली गाडीवाले बाबूजी?”

“चार चाकं सगळ्याच मोटारींना असतात.”

“होते हैं अम्मा. पर उनके चारों काम करते हैं.”

पोरगा मला मस्करीखोर वाटला. घरी पोचले तेव्हा कळलं की खरं बोलत होता.

अंगणात एक फिकट हिरवी लांबट मोटार, आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर. पाय वसंताचे. मी काठीने पायाला टोचलं. तो बाहेर आला, तोंडाला वंगण, आणि पाया पडायच्या आधी म्हणतो, “बाई, ही गाडी चारही चाकांनी ओढते! बाकीच्या मोटारी दोनांनी ओढतात, उरलेली दोन नुसती मागं फरफटत जातात.”

“मग अडचण काय आहे?”

“म्हातारी झाली न. स्प्रिंगा ढिल्या पडल्या. वळणावर अशी डुलते का सुपात धान पाखडून राह्यलो असं वाटते. मले तिले खाली बसवायची हाये. जमिनीले चिकटून गेली पाहिजे. आन् इंजिनाले जरा मोकळा श्वास पाहिजे.”

कुसुम दारातूनच म्हणाली, “मलेही पाहिजे.”

जेवण मात्र कुसुमच्या हातचं. चिन्नोर तांदळाचा भात, ज्याचा वास फाटकापर्यंत येतो, लाखोळीची डाळ आणि धोप्याच्या (अळूच्या) पानांच्या वड्या. मी दोनदा भात घेतला आणि ठरवलं, अक्कल उद्या शिकवू.

दुसऱ्या दिवशी मेश्राम मिस्त्री आले. साठीचे, खाणीवर ट्रक आणि जीप दुरुस्त करण्यात जन्म गेलेला. पुढच्या चाकातून कटकट आवाज येत होता, तो त्यांना ऐकायचा होता. त्यांनी पुढची बाजू जॅकवर उचलली, गाडी चालू केली, गिअर टाकला आणि चाकाला कान लावायला वाकले. पुढची चाकं हवेत फिरतील आणि गाडी जागच्या जागी उभी राहील, असा त्यांचा हिशेब. पण मागची दोन चाकं जमिनीवर होती, आणि ती काय फुकट बसणार होती? त्यांनी जोर लावला. गाडी जॅकवरून उडी मारून उतरली, अंगण ओलांडून गेली, कुसुमने कोहळ्याच्या वड्या वाळत घातलेली खाट तिने उलटवली आणि तणसाच्या (धानाच्या पेंढ्याच्या) ढिगात नाक खुपसून बंद पडली.

मिस्त्री बाजूला उताणे पडले होते. लागलं नव्हतं. उठून म्हणाले, “जीपमंदी एक लिव्हर राह्यते माय. तो खीचला का अगले चक्के वेगळे, पिछले वेगळे. हिच्यात लिव्हरच नाही! जन्माची बांधलेली हाये.”

मी एवढी हसले की मला खाली बसावं लागलं. कुसुम हसली नाही. तिने एकेक वडी उचलून टोपलीत टाकली, आणि मग वसंतासमोर उभी राहिली.

“आयका. प्रत्येक वेळा परसवाड्याच्या घाटात मी ओकते. माहेरी कधी धड तोंडाने गेली नाही. रविवारी याच गाडीनं मले माहेरी न्या. घाटात जाताना नाही तं येताना, एकदा जरी ओकली, तं सोमवारी गाडी भंगारवाल्याची. बाई साक्षीदार.”

वसंताने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “बरोबर बोलते ती.” त्याचा चेहरा असा झाला की मला रविवारपर्यंत राहावंच लागलं.

मग चार दिवस त्या अंगणात जे चाललं ते लग्नघरातही चालत नाही. जुन्या स्प्रिंगा निघाल्या, आखूड आणि कडक बसल्या. नवे शॉकअप आले. मिस्त्रींनी दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा एक जाड पोलादी दांडा घडवून आणला. एक बाजू झुकायला लागली की तो दुसऱ्या बाजूला म्हणतो, तू कुठे चाललीस, इकडे ये. सायलेन्सरचा पाइप रुंद केला, तेव्हा शेजारची म्हैस दोन दिवस दूध देईना. चाकं सरळ आहेत का हे पाहायला मिस्त्रींनी चार विटांवर गाडीभोवती दोरा ताणला, भिंत बांधणारा गवंडी ताणतो तसाच, आणि दोऱ्यापासून प्रत्येक चाकाचं अंतर पट्टीने मोजलं. मला वाटलं होतं ह्यासाठी मोठं यंत्र लागत असेल.

गुरुवारी फिरवून पाहिली, तर सरळ रस्त्यावर छान आणि हळू वळवली की गाडी आतून कुंथायची. कुठेतरी काहीतरी ताणलं जायचं आणि सुटायचं. वसंता रडकुंडीला आला. मिस्त्रींनी उरलेला दिवस फक्त गाडीभोवती फेऱ्या मारल्या. शुक्रवारी सकाळी तोच दोरा त्यांनी पुढच्या टायरभोवती गुंडाळला, मग मागच्या टायरभोवती.

“दोन बोटं फरक!” ते ओरडले. “भाऊ, पुढं नवीन टायर टाकले, मागं घासलेले ठेवले. बाकीच्या गाडीले चालते. हिचे चारही एकमेकाले बांधलेले. लहान चक्का जास्त फिरते, मोठा कमी, मंग आतमंदी भांडण.”

“मले वाटलं मागचे अजून चालतील,” वसंता म्हणाला.

“चप्पल आहे का ती,” मी म्हटलं.

नागपूरहून आणखी दोन टायर बसच्या टपावरून शनिवारी आले. चारही एका मापाचे बसले आणि कुंथणं थांबलं.

रविवारी सकाळी निघालो. वसंता चालवायला, शेजारी मिस्त्री, मागे आम्ही दोघी. कुसुमच्या एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. शहरातून बाहेर पडेपर्यंत एक गंमत झाली. गाडी इतकी खाली बसवली होती की रस्त्यावर ब्रेकर आला की पोट घासायचं. म्हणून प्रत्येक ब्रेकरला आम्ही दोघी उतरायचो, गाडी हलकी होऊन पार व्हायची, आम्ही पलीकडे जाऊन परत बसायचो.

चौथ्यांदा उतरताना कुसुम म्हणाली, “एवढ्यात मी पायीच माहेरी पोचली असती.”

पुढे गावं संपली, दोन्ही बाजूंना साल आणि सागाचं जंगल लागलं. बालाघाटबद्दल लिहायचं तर वाघ लिहावा लागतो. मला वाघ दिसला नाही, वानरं दिसली. घाट सुरू झाला तशी कुसुमने डोळे मिटले. पहिलं वळण. मी दाराला धरून बसले होते, पण दाराकडे ढकललेच गेले नाही. गाडी झुकलीच नाही. दुसरं वळण, तिसरं. समोर एक बस धापा टाकत चढत होती, वसंताने तिला मागे टाकलं तेव्हा इंजिन असं गरजलं की मी “अगं बाई!” म्हणाले. मला सत्तर वर्षं झाली आहेत. मी कशालाही “अगं बाई” म्हणत नाही.

वर पोचलो. कुसुमने एक डोळा उघडला. पिशवी रिकामी.

“अजून उतरायचा हाये,” ती म्हणाली. “उतरतानाच जास्त होते.”

परसवाड्यात बाजाराचा दिवस होता. कुसुमच्या भावाकडे गाडी पाहायला अर्धी गल्ली जमली. जेवायला उडदाचे वडे, खीर, वांग्याची भाजी. कुसुम वाढून घेत होती आणि वसंता तिच्या ताटाकडे पाहत होता. पाचव्या वड्याला त्याला राहवलं नाही.

“कुसुम, जरा बेतानं.”

“काहून? गाडी चांगली झाली न?”

सहावाही खाल्ला. मी मनात म्हटलं, गेली गाडी.

उतार सुरू झाला. तिसऱ्या वळणावर कुसुमने तोंडावर हात ठेवला. चौथ्यावर खांदे हलायला लागले. मिस्त्रींनी मागे वळून पाहिलं आणि पटकन पुढे पाहिलं. घाट संपला, खालच्या सपाटीवर कुसुम हाताआडून म्हणाली, “थांबवा.”

वसंताने गाडी थांबवली. स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मी पिशवी उघडून तिच्यापुढे धरली. तिने हात काढला तर काय, ती हसत होती. हसू दाबून दाबून डोळ्यांतून पाणी आलेलं.

“पलटवा,” ती म्हणाली. “आणखी एकदा वर न्या. आन् त्या बसच्या वेळी केला तसा आवाज करा.”

वसंताने विचारलंही नाही. वळवलीच. वर गेलो, वरून परत फिरलो, आणि ह्या वेळी तो माणूस बत्तीस वर्षांची नोकरी विसरून चालवत होता. कुसुम प्रत्येक वळणाला “हौ! हौ!” करत होती. मिस्त्री गाणं म्हणत होते. आणि खालून दुसऱ्या वळणावर मी, जिला आयुष्यात कधी गाडी लागली नाही आणि जी लागणाऱ्यांना हसते, त्या पिशवीत सगळे वडे परत केले.

वसंता घाबरून म्हणाला, “अटीचं काय?”

“अट माझ्या ओकण्याची होती,” कुसुम म्हणाली. “बाईचं बाई पाहतील.”

सोमवारी भंगारवाला आला नाही. मी आले, छोट्या रेल्वेने, परत. मी भावाला सांगायला गेले होते की म्हाताऱ्या वस्तूवर जीव पाखडू नये. ते सांगायचं राहिलं आणि मी पत्र टाकूनही सांगणार नाही. ज्या बायकोने तीस वर्षं त्या घाटात डोळे मिटून घेतले, ती आता दर महिन्याला माहेरी जायचं म्हणते. त्यापुढे माझ्या सांगण्याला काय अर्थ आहे?

डब्यात समोर बसलेली एक बाई बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. शेवटी म्हणाली, “चेहरा पिवळा पडला माय तुमचा. तब्येत बरी नाही काय?”

“बरी हाये,” मी म्हटलं. “भावाची गाडी भल्ली चांगली झाली.”