खासदाराचा खांदा

इसिल्डा पॉटिंगरचा नवरा व्हर्ली नदीकाठी पुलाच्या नळ्यांवर पडल्यापडल्या मेला. पुलाच्या म्हणायचं आपलं! पूल कुठाय? मागल्या निवडणुकीआधी ट्रकमधून सिमेंटच्या नळ्या आणून टाकल्या, निकाल लागला, आणि नळ्या तिथंच राहिल्या. आता त्यांत खेकडे राहतात.

त्या दिवशी वर डोंगरात धो धो पाऊस झाला आणि नदी चढली. दवाखाना पलीकडे, गाडी पलीकडे, आणि व्हर्ली अलीकडे छाती धरून. "उतरेल गं पाणी, कशाला आरडाओरडा करतेस," असं उलट तोच तिला समजावत होता. पाणी संध्याकाळी उतरलं. व्हर्ली दुपारीच गेला होता.

या मतदारसंघाचा इतिहास शाळेत कुणी शिकवत नाही, पण इसिल्डाला तो तोंडपाठ होता, कारण प्रत्येक निवडणूक तिच्या नदीकाठी काहीतरी टाकून गेली होती. ती लहान असताना पिवळ्या पक्षाचे थोरले बॅन्क्रॉफ्ट, वकील, खेचरावर बसून आले. नदी पाहून हळहळले, दगडांचा ढीग टाकून राजधानीला, किंग्स्टनला गेले, ते गेलेच. मग निळ्या पक्षाचे निवडून आले आणि त्यांच्या माणसानं त्याच दगडांत आपल्या दुकानाची भिंत बांधली. मग दोन्ही पक्षांतल्या गोळीबाराचं वर्ष आलं. ते दुकान जळलं, आणि इसिल्डाचा सख्खा भाऊ एस्टली निळ्यांना मत देऊन आला म्हणून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. का, तर माहेरी काय नि सासरी काय, शाई लावलेलं बोट पिवळ्यांचंच असायचं! नंतर कधी लोखंडी सळ्या आल्या आणि गंजल्या, कधी कोनशिला आली. आणि शेवटी थोरल्याचा मुलगा, धाकटे बॅन्क्रॉफ्ट, नळ्या घेऊन आले. या टेकडीची एक मतपेटी जिकडे झुकते तिकडे खासदारकी जाते, हे सगळ्यांना ठाऊक. पण नळ्यांबद्दल इसिल्डा चार लोकांत कधी बोलली नाही. आपल्याच माणसाची अब्रू कशी काढायची? आता ते आठवलं की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटे.

मैतीला खासदारानं यायचं आणि बोलायचं, ही तिकडची रीत. मेलेला माणूस कोण होता हे ठाऊक नसलं तरी चालतं, नाव नीट घेतलं म्हणजे झालं. खासदार आला नाही तर मेलेल्याचा अपमान, आणि बोलू दिलं नाही तर खासदाराचा. त्यात निवडणूक तोंडावर आलेली. दफनाआधी मेलेल्यासाठी नवव्या रात्री जागतात, त्या जागरणाची तयारी चालली होती, तेवढ्यात पिवळ्यांचा कार्यकर्ता दारात आला. तिकडे मान द्यायचा तर बाईला 'मिस' आणि बाप्याला 'मास' म्हणतात.

"मिस इसिल्डा, साहेब चर्चमध्ये दोन शब्द बोलतील. पुलाला मास व्हर्लीचंच नाव द्यायचं म्हणतायत."

"कुठल्या पुलाला?"

"होणाराय ना आता..."

"माझा माणूस मेला तेव्हा झोपला होतास का रे, मेल्या?" इसिल्डानं मासे तळायचा झारा त्याच्यावर उगारला. मग काय मनात आलं कोण जाणे, झारा खाली केला. "येऊ दे त्याला. बोलू दे. पण कुठं बोलायचं ते मी सांगेन."

मैतीच्या दिवशी नदीपलीकडचं चर्च गच्च भरलं. बॅन्क्रॉफ्ट काळ्या सुटात, चकचकीत बुटांत आले. निळ्यांचा उमेदवार टलकही आला, तो कसा मागे राहील? प्रार्थना संपली, बॅन्क्रॉफ्ट कोटाची बटणं लावत उठले, तशी इसिल्डा आडवी आली.

"इथं नाही साहेब. आधी खांदा द्या."

"मी? अहो, माणसं आहेत की..."

"तुम्हीच. पुढच्या बाजूला. आणि टलकसाहेब, तुम्ही दुसऱ्या बाजूनं. लाजू नका, मतं मागायला नाही लाजत ते."

चर्चमधली माणसं खोकायला लागली. सगळ्या मतदारांसमोर नाही कसं म्हणणार? दोघांनी शवपेटी उचलली. मागे एस्टली आणि गावचे तिघे लागले. घराण्याची स्मशानभूमी नदीच्या अलीकडे, घरामागे, म्हणजे पेटी पाण्यातूनच न्यायची. बाया भजन म्हणत मागून निघाल्या.

काठावर बॅन्क्रॉफ्ट बुटांकडे पाहत थबकले. इसिल्डा काळ्या झग्यासकट सरळ पाण्यात शिरली, मग त्यांनाही शिरावं लागलं. मध्यावर पाणी मांड्यांशी आलं, पायाखाली गोटे सरकत होते. तिथं ती वळून उभी राहिली.

"थांबा."

सगळे थांबले. बायांचं भजनही थांबलं.

"आता बोला साहेब. पुलाबद्दल बोला."

"मिस इसिल्डा, आधी काठाला तर लागू या. पाय घसरतोय, काही झालं म्हणजे?"

"झालंय की. ते तिथं, तुमच्या नळ्यांवर. पाणी उतरायची वाट बघत पडला होता. तुमच्या बापापासून ऐकतेय मी, आज पाण्यात उभे राहून बोला."

टलक गालात हसले. ते तिला दिसलं. "तुम्हीपण बोला हो. दगड तुम्हीच नेलेत."

बॅन्क्रॉफ्टनी तोंड उघडलं. "आपले... आपले लाडके मास..." त्यांना नाव आठवेना. पेटी डगमगली.

"व्हर्ली," मागून एस्टली ओरडला. "व्हर्ली पॉटिंगर! माझा मेव्हणा!" इतक्या वर्षांनी इसिल्डानं त्याच्याकडे पाहिलं. मग दबल्या आवाजात तो म्हणाला, "इसिल्डा, खांदे भरून आले गं."

"माझाही ऊर भरून आलाय. धर अजून जरा."

समोरच्या काठावर थडगं बांधणारे गवंडी थापी घेऊन उभे होते. त्यांनी सिमेंट कालवून ठेवलं होतं आणि ते सुकत चाललं होतं. एवढ्या निवडणुका झाल्या, पण त्या काठावर कामाला लागलेलं सिमेंट तेवढंच, व्हर्लीच्या थडग्यापुरतं. खासदार घाम पुसायलाही हात सोडू शकत नव्हते, आणि इसिल्डा वाट सोडत नव्हती.